मुकादम सरांचं बोट

मुकादम सर गेले आणि कॉलेजने त्यांच्यावर एक पुस्तिका काढायचं ठरवलं. त्यांची जुनी विद्यार्थिनी प्रणाली पेणजवळच्या आमच्या जोहे गावाला आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही पण लिहा." मी म्हटलं, अगो, मी सातवीतनं शाळा सोडलेला गणपतीवाला, माझं कोण वाचणार. ती म्हणाली, "बाकीचे सगळे 'ज्ञानतपस्वी' असंच लिहिणार आहेत. निदान एकाने तरी आपले सर लिहावेत."

म्हणून लिहितो. ज्ञानतपस्वी कसा असतो मला ठाऊक नाही. मला सरांचं बोट आठवतं.

उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं. सर कुठेही गेले की आधी ते बोट जायचं. एसटीच्या खिडकीची दांडी, चहाच्या टपरीची फळी, बँकेचा काउंटर. बसायच्या आधी बोट फिरवायचे, उजेडाकडे धरून बघायचे, अंगठ्याने चोळायचे, कधी नाकाशी न्यायचे. मग रुमालाला पुसून बसायचे. रामवाडीला प्रणालीच्या भावाच्या लग्नात त्यांनी मांडवातल्या खुर्चीवरनं बोट फिरवलं, तर तिचे वडील फडकं घेऊन धावत आले. सर म्हणाले, "अहो, तक्रार नाही करत. नुसतं बघतोय." वडील म्हणाले, "बघताय म्हंजे कायतरी दिसलंच असंल ना." सरांना याचं वाईट वाटायचं. बघणं आणि खोड काढणं लोकांना एकच वाटतं, म्हणायचे. प्रिन्सिपलसाहेबांच्या टेबलावरनंही त्यांनी बोट फिरवलं होतं असं ऐकलं. खरंखोटं माहीत नाही, पण त्या दोघांचं कधी जमलं नाही एवढं खरं.

सर मूळचे रोह्याचे. तिथनं रोज पहिल्या एसटीने पेणला यायचे, कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे, संध्याकाळी परत. उंच, वाळका माणूस. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. दोघे भाऊ आखातात. भाऊ सुट्टीवर येताना अत्तराच्या बाटल्या आणायचे, त्या सर कॉलेजात वाटून टाकायचे. "केमिस्ट्रीवाल्याने अत्तर लावलं तर नाक कशाला ठेवायचं?" भाऊ म्हणायचे, तू पण ये तिकडे. सर म्हणायचे, "तिकडे धूळ भरपूर आहे आणि ती मोजायला पैसे पण भरपूर आहेत. मग माझं काय काम?"

हे बोलणं हसण्यावारी न्यायचं नाही. ह्या माणसाची सगळी उमेद दोन गोष्टींत गेली. एक, कॉलेजच्या पोरांच्या हातून खरं संशोधन करून घ्यायचं. दोन, त्याला पैसे मिळवायचे. पहिलं त्यांना जमत होतं.

माझ्याकडे ते प्रथम आले ते उन्हाळ्यात. आमच्याकडे गणपतीच्या शेडला कारखानाच म्हणतात. माझा कारखाना लहान, कच्च्या मालाचा. म्हणजे प्लास्टरचा गणपती साच्यातनं काढायचा, सुकवायचा, घासून गुळगुळीत करायचा आणि बिनरंगाचा विकायचा. साच्याचं काम माझं नि एका कारागिराचं. घासायचं काम बायांचं, आणि बायांत पहिली माझी बायको कमळ. खिडकीशी तिची फळी. सकाळी पॉलिश पेपर घेऊन बसायची ती संध्याकाळी उठायची तेव्हा भुवया, पापण्या, कानामागचे केस सगळे पांढरे. शेजारची पोरं म्हणायची, काकू म्हातारी झाली. हमरापूर-जोह्यात डोळे आखणाऱ्याला नाव असतं, लोक त्याला लांबनं बोलवायला येतात. घासणारीला कोण विचारतो.

सर दारात आले तेव्हा बरोबर तीन पोरं होती, त्यांतली एक प्रणाली. तिचे वडील एसटीत. ती दुसऱ्या वर्षाला होती. मला वाटलं कोणी सरकारी साहेब आला.

"कुठल्या ऑफिसातनं?" मी विचारलं.

"ऑफिसातनं नाही, कॉलेजातनं."

"गणपती बघायचाय?"

"धूळ बघायचीय."

खिडकीतनं कमळ बोलली, "न्या की. घमेलाभर देते. पैसं नको."

सर हसले, पण वाकून चपला काढल्याच. आम्ही स्वतः आत चपला घालून फिरत होतो. गणपती रंगून पाटावर बसला की देव, तोवर माल, असा आमचा हिशोब. सरांच्या चपला दाराबाहेर बघून माझ्या कारागिराने आपल्या गुपचूप काढल्या. मग मी काढल्या. त्या दिवसापासून आमच्या कारखान्यात चपला बाहेर राहू लागल्या, त्या आजतागायत.

आत येऊन सरांनी कमळच्या फळीवरनं बोट फिरवलं. बोटावर पिठासारखा थर आला. तो त्यांनी पोरांपुढे धरला. "हे काय आहे?"

एक पोरगा म्हणाला, "सर, कॅल्शियम सल्फेट."

"ते पुस्तकात आहे. दिवसाला किती आत जातं, कुठपर्यंत जातं, त्याने काय होतं? ते पुस्तकात आहे का?"

प्रणालीने वही काढली.

"मग ते तुम्ही शोधायचं. उत्तर पुस्तकाच्या शेवटी छापलेलं असेल तर तो प्रश्न नव्हे, ती उजळणी."

मी म्हटलं, "सर, मोजून करणार काय?"

"किती आहे ते आधी कळेल. मग किती चालते ते. मग वहिनींच्या खोकल्याकडे जाऊ."

"मना कुठं खोकला हाय?" कमळ म्हणाली. "ह्यो ठसका हाय. सगल्यांनाच असतंय." आणि खोकली.

चहा झाला. कप घेताना सरांनी वर दुसरा हात आडवा धरला, धूळ पडू नये म्हणून. कमळने ते बघितलं. ते गेल्यावर म्हणाली, "मानूस विचित्र हाय, पन आपली चूक नाय काडत." बोटाचा खरा अर्थ तिला पहिल्या दिवशी कळला. मला बरीच वर्षं लागली.

आता पैशाचं. सरांना एक यंत्र हवं होतं. लहानसा पंप असतो, तो कामाच्या माणसाच्या कमरेला बांधायचा, नळी गळ्याशी आणायची. माणूस श्वासाला घेतो तशी हवा तो ओढतो, धूळ कागदावर धरून ठेवतो. कागद आधी तोलायचा, नंतर तोलायचा. बस. पण त्याची किंमत कॉलेजला झेपणारी नव्हती.

प्रिन्सिपल म्हणाले, पदवीच्या पोरांना संशोधनाचं बजेट नसतं, तुम्ही आधी पोर्शन संपवा. विद्यापीठ म्हणालं, पैसे आहेत, पण शिक्षकाला, आणि शिक्षक पीएचडी पाहिजे. सरांनी ती सुरू केली होती, वडील आजारी पडले तेव्हा सोडली. मी म्हटलं, मग आता करून टाका. म्हणाले, "मी डॉक्टर होईपर्यंत ही पोरं बाप झालेली असतील."

मग ते आमच्या मूर्तिकारांच्या बैठकीत उभे राहिले. प्रत्येक कारखान्याने थोडं थोडं द्यावं, म्हणाले. आमच्यातला एक म्हातारा उठला. "सर, तुमी भले मानूस. पन आमच्याच पैशानं आमचीच बोंब मारायची? उद्या गिऱ्हाईक विचारंल, गनपतीत विष हाय काय." सगळे हसले. म्हाताऱ्याचं मलाही पटलं होतं. पोट गणपतीवर, धुळीवर नाही. सर खाली बसले, आणि बसण्याआधी सतरंजीवरनं बोट फिरवलं. तेव्हा परत सगळे हसले.

त्यानंतर रोह्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत ते मला घेऊन गेले. धूळ प्रत्यक्ष खाणारा माणूस बरोबर असलेला बरा, म्हणाले. साहेबाची केबिन गार, टेबलावर काच. सरांचं बोट काचेवरनं गेलं, काही लागलं नाही. सरांनी सगळं समजावून सांगितलं. साहेबाने नीट ऐकून घेतलं, मग विचारलं, "आमच्या कंपनीचं नाव कुठे येणार?"

सर म्हणाले, "धुळीवर?"

साहेबाला ते आवडलं नाही. म्हणाला, "बीएस्सीची पोरं संशोधन करणार? त्यांना काय कळतं? आणि पंप घेऊन नंतर तो कपाटात पडून राहणार."

"पंप तर आत्ताही आहे," सर म्हणाले. "ह्यांच्या मंडळींच्या छातीत आहे, रोज चालतो. फक्त त्यातला कागद बाहेर काढून तोलता येत नाही."

मग साहेब माझ्याकडे वळला. "तुम्ही गणपतीवाले ना? आमच्या कंपनीचा बसतो. पाच फुटी. भावात जरा बघा."

पैसे मागायला गेलो आणि ऑर्डर घेऊन आलो. स्टँडवर सरांनी भजी घेतली, मला पुडी दिली. "पाटील, एकाचं तरी काम झालं," म्हणाले. तोंडावर हसू होतं, पण त्यांनी एकही भजं खाल्लं नाही. पुडी पिशवीत टाकून रोह्यातल्या घरी निघून गेले.

त्यानंतर मुंबईचा एक ट्रस्ट मिळाला. त्यांनी नाही म्हटलं नाही. म्हणाले, आधी थोडं काम करून दाखवा, आम्ही येऊन बघतो, मग पंपाचं बघू. सरांच्या अंगात जीव आला. पंपाशिवाय काम म्हणजे काचेच्या पट्ट्या. त्यांना व्हॅसलीन लावायचं, कारखान्यात ठिकठिकाणी ठेवायच्या, पडलेली धूळ चिकटते, ती कॉलेजच्या काट्यावर तोलायची. कच्चं काम, पण दाखवायला पुरे. सर मला म्हणाले, "गुरुवारी पट्ट्या ठेवू. त्याच दिवशी ट्रस्टची माणसं येतील, डोळ्यांनी बघतील." प्रणाली तर उड्या मारायची राहिली होती. बाकीची दोन पोरं तोवर गळाली होती, हिने सोडलं नव्हतं.

मी घरी येऊन कमळला सांगितलं. मुंबईची माणसं येणार, गुरुवारी.

आमच्याकडे पाहुणा येणार म्हटलं की काय होतं ते सांगायला नको. बुधवारी कमळने बायांना कामाला लावलं. जळमटं काढली, फळ्या धुतल्या, साचे पुसून एका रांगेत लावले. जमीन सारवली. गुरुवारी सकाळी सडा घातला, दारात रांगोळी. पोती ओली करून खिडक्यांना लावली, गारवा राहावा म्हणून. घासायचं काम बंद. बाया इस्त्रीच्या साड्या नेसून भिंतीला लागून बसल्या. मीही म्हटलं, झकास. एवढा नीटनेटका आमचा कारखाना बांधल्यापासून नव्हता.

सर आले ते ट्रस्टच्या माणसांबरोबर, गाडीतनं. एक बाई, एक गृहस्थ. प्रणालीने भराभर पट्ट्या ठेवल्या. मग जेवणं झाली, तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं. ट्रस्टच्या बाई म्हणाल्या, "किती स्वच्छ ठेवलंय हो." कमळचा चेहरा फुलला.

दुपारी प्रणालीने पट्ट्या उचलल्या. काच चकचकीत. तिने सरांकडे बघितलं. सर कमळच्या फळीपाशी गेले, बोट फिरवलं आणि उजेडाकडे धरलं. मी त्यांचं बोट आमच्याकडे तेव्हाच पहिल्यांदा स्वच्छ बघितलं. ते बोटाकडे बघतच राहिले.

"वहिनी, आज घासायचं काम नाही?"

"पाव्हनं आल्यावर कोन घासतंय? अंगावर उडंल की त्यांच्या."

सरांनी लपवलं नाही. ट्रस्टच्या लोकांना सरळ सांगितलं, आज धूळ नाही कारण कालपासून झाडझूड चाललीय, रोज असं नसतं, परत एकदा साधा दिवस बघून या. बाई हसून म्हणाल्या, "म्हणजे उपाय तर सापडलाच की, सर. झाडू. त्याला पंप कशाला?"

पुढे त्यांचा नकार आला तोही ह्याच धर्तीचा. साफसफाई ठेवल्यास प्रश्न सुटण्यासारखा आहे.

गाडी गेल्यावर प्रणाली कमळवर फुटली. "काकू, तुम्ही सगळं घालवलंत. वर्षभराचं."

कमळला कळेचना काय झालं. "मी काय वंगाल केलं? केर तसाच ठेवायचा व्हता?"

सर प्रणालीला म्हणाले, "गप बस." त्यांचा तो आवाज मी आधी ऐकला नव्हता. "पाहुणा आला तर झाडायचं नाही, हे ह्यांना कोणी सांगितलं होतं? मी सांगितलं? तू सांगितलंस? मग? जा, वही काढ. लिही, मोजणारा आला की मोजायची गोष्ट बदलते. आज दिवसभरात एवढं एक शिकलीस. पुष्कळ झालं."

मग कमळसमोर पोत्यावर बसून तिला शांतपणे समजावलं. ती म्हणाली, "म्हंजे घान दाखवली असती तं पैसं मिलाले असते?" सर म्हणाले, "हो वहिनी. असंच आहे." ती म्हणाली, "ह्यो काय धंदा." त्या रात्री ती जेवली नाही.

पुढच्या महिन्यात सर आणि प्रणाली परत आले, पट्ट्या घेऊन. ह्या वेळेला सरांनी कमळला बजावलं, झाडायचं नाही, शिंपायचं नाही, रोजच्यासारखं घासायचं. ती घासायला बसली, पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. पाहुणा समोर आणि केर पायात. दोनदा उठून झाडूकडे गेली. शेवटी सरांनी झाडू उचलला आणि पोत्यावर टाकून वर बसले.

"सर, उठा," कमळ ओरडली. "लक्षुमी हाय ती. तिच्यावर बसतात काय?"

सर चटकन उठले. झाडूला हात लावून कपाळाला लावला, कोणी न सांगता. मग दिवसभर तो झाडू उभा हातात धरून कोपऱ्यात उभे राहिले, द्वारपालासारखे. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. पोस्टमन आला, त्याने विचारलं, "काय सर, नवीन नोकरी?" सर म्हणाले, "हो, अनुदानित आहे." कमळ हसता हसता खोकायला लागली आणि बराच वेळ थांबली नाही. तिचं हसणं मला आठवतं ते त्या दिवसाचं.

पट्ट्या संध्याकाळी दुधात बुडवून काढल्यासारख्या झाल्या.

प्रणालीने ते मांडलं, कोष्टकं केली, चित्रं काढली. पोरांच्या संशोधनाची विद्यापीठाची स्पर्धा रोह्याला होती. ती तिथे बोलली. मी नि कमळ मागच्या बाकावर बसलो होतो. कमळला सगळं कळत नव्हतं, पण पडद्यावर तिची फळी आली तेव्हा मला कोपराने ढोसलं. परीक्षकाने एकच विचारलं, "पंपाचं माप कुठे आहे?" प्रणाली म्हणाली, पंप नाही. परीक्षक म्हणाले, "कल्पना चांगली. पण व्हॅसलीनवर निष्कर्ष काढता येत नाही. पंप मिळवा, मग या."

बाहेर आल्यावर सर एका उभ्या ट्रकपाशी थांबले. त्याच्या मागच्या फळीवर धूळ होती. तिच्यावर बोटाने एक गोल काढला. "पाटील, हे बघा. पैसे नाहीत म्हणून यंत्र नाही. यंत्र नाही म्हणून काम कच्चं. काम कच्चं म्हणून पैसे नाहीत." बोट तीनदा गोल फिरलं. मग रुमाल काढून पुसलं.

प्रणाली पास होऊन बाहेर पडली. सर थांबले नाहीत, अर्ज करत राहिले. आणि एक दिवस पैसे मंजूर झाले. सरकारी योजनेतनं, पंपासकट. मी पेणला प्लास्टर आणायला गेलो होतो, स्टँडवर सर भेटले. मला वाटलं पेढे देतील.

"परत पाठवतोय," म्हणाले.

"का?"

"ज्या विद्यार्थ्यांच्या नावाने अर्ज होता ते कॉलेजात शिकत असले पाहिजेत, अशी अट आहे. प्रणाली कुठे आहे?"

प्रणाली रोह्याच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये शिफ्टला लागली होती.

"दुसऱ्या पोरांची नावं घाला," मी म्हटलं.

"विचारलं. नव्याने अर्ज करा म्हणाले." आणि मग सर त्या गर्दीत एकदम मोठ्याने बोलले. माणसं वळून बघायला लागली. "पोरगं आमच्याकडे तीन वर्षं असतं, पाटील. फाईल पाच वर्षं फिरते. मी कुठल्या पोरांसाठी अर्ज करू? जी अजून नववीला आहेत त्यांच्यासाठी? त्यांना अजून धूळ कुठली आवडते ते माहीत नाही." कंडक्टर म्हणाला, सर, गाडी सुटतेय. सर गाडीत चढले. त्या दिवशी दांडीवरनं बोट फिरवलं नाही.

पुढे ते रिटायर झाले. कमळचा ठसका खोकला झाला, खोकल्याचा दम झाला. पेणच्या डॉक्टरांनी फोटो काढला, छाती खराब म्हणाले, कशाने ते बोलले नाहीत. मी तिला घासणं सोड म्हणायचो. ती म्हणायची, "मंग काय करू, तुमच्या तोंडाकडं बगत बसू?" शेवटी बसल्या जागी दम लागायला लागला, तेव्हा सोडलं. गेल्या वर्षी गेली. बायको गेल्यावर घर मोठं होतं असं लोक म्हणतात. माझं झालं नाही. तेवढंच आहे, फक्त कोणी उलटून बोलत नाही.

महिन्याने सर आले. काठी टेकत, रोह्याहून एसटीने, एकटे. दारात चपला काढायला त्यांना वेळ लागला. मी चहा केला, वाईट झाला होता. त्यांनी कपावर हात धरून प्यायला, जुन्या सवयीने. काम बंद होतं, हवेत काही नव्हतं.

मी सरळ विचारलं. "सर, धुळीनेच गेली ना?"

त्यांनी कप खाली ठेवला.

"तुम्हाला नाही माहीत तर कोणाला माहीत? तुम्हीच मोजत होता."

"कुठे मोजलं?" सर म्हणाले. "दोन दिवसांच्या काचा. एक दिवस खोटा, एक दिवस खरा. त्याच्यावर मी वहिनींचं मरण नाही लिहू शकत, पाटील. मन म्हणतं, हो. पण मन म्हणजे माप नव्हे."

मला राग आला. एवढा राग तिला जाळून आलो तेव्हाही आला नव्हता. हो म्हणायला ह्या माणसाचं काय जात होतं? हो म्हणाले असते तर मी प्लास्टरला शिव्या दिल्या असत्या, ट्रस्टच्या त्या बाईला, फाईलवाल्यांना, कोणाला तरी. मी तसं बोलून दाखवलं.

"मला द्या," सर म्हणाले.

मी दिल्या. आईबापावरनं नाही, पण बाकी काही ठेवलं नाही. तुमचं शिक्षण, तुमचं कॉलेज, तुमचा पंप. ते काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत बसले. मध्ये एकदाही नाही म्हणाले नाहीत. माझं संपल्यावर म्हणाले, "हो म्हणायला मला आवडलं असतं, पाटील. तुमच्यापेक्षा जास्त."

मग उठले आणि खिडकीशी गेले. तिथे कमळची फळी तशीच होती. मी त्या जागेला कोणाला हात लावू दिला नव्हता. तिने अर्धा घासलेला एक लहान गणपती, सोंड गुळगुळीत, पोट खरबरीत. त्याच्याशेजारी झिजलेला पॉलिश पेपर. सगळ्यावर पांढरा थर. सरांनी बोट पुढे केलं. मी बघत होतो. फळीच्या अगदी जवळ गेलं, आणि थांबलं. त्यांनी हात मागे घेतला आणि खिशात घातला.

मी त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेलो. पेणची गाडी आली. कंडक्टरने हात देऊन वर घेतलं. खिडकीची जागा मिळाली. बसायच्या आधी सरांनी खिडकीच्या दांडीवरनं बोट फिरवलं. गाडी हलली तेव्हा ते उजेडाकडे धरून बघत होते, डोळे बारीक करून, पोरांना दाखवायचे तसे. शेजारच्या सीटवर कोणी नव्हतं.